मनावरचे घाव आणि खबर देणाऱ्याचे कवच



समजा, चौथीच्या वर्गातील एक चुणचुणीत मुलगा काही महिन्यांत अबोल होत जातो. त्याच्या अंगावर एकही वळ नाही. वर्गशिक्षिका मायेने विचारपूस करतात, तेव्हा कळते की घरी त्याला रोज घालूनपाडून बोलले जाते, तो नकोसा आहे असे ऐकवले जाते आणि शिक्षा म्हणून तासन्‌तास अंधाऱ्या खोलीत कोंडले जाते. आता शिक्षिकेपुढे दोन प्रश्न उभे राहतात. हे कोणाला कळवायचे? आणि कळवल्यानंतर स्वतःवर काही बालंट आले तर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारतीय कायद्यात बऱ्यापैकी सापडते. दुसऱ्याचे मात्र अर्धेच. या अर्ध्या उत्तराचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रश्नाचे स्वरूप

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये बालकांच्या छळाविषयी एक अभ्यास प्रसिद्ध केला. महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ बालकांशी त्यासाठी संवाद साधण्यात आला होता. दर दोन बालकांमागे एकाने भावनिक छळ सोसल्याचे सांगितले. अशा प्रकरणांपैकी ८३ टक्क्यांमध्ये छळ करणारे आईवडीलच होते. जेथे घरच छळाचे ठिकाण ठरते, तेथे बालकासाठी बोलणार कोण? शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक, अंगणवाडी सेविका यांचे महत्त्व येथेच आहे. घराबाहेर बालकाला नियमितपणे पाहणारे तेच असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद १९ शारीरिक हिंसेबरोबरच मानसिक हिंसेपासूनही संरक्षण देण्यास सांगतो आणि अशा घटना कळवण्याची व्यवस्था असावी, असेही सुचवतो. भारताने ही संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली.

गुन्हा कोणता?

'भावनिक छळ' या नावाचा स्वतंत्र गुन्हा भारतीय कायद्यात नाही. तथापि बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मधील कलम ७५ हा त्याचा मुख्य आधार आहे. बालक ज्याच्या ताब्यात वा नियंत्रणाखाली आहे, अशा व्यक्तीने त्याला अनावश्यक मानसिक किंवा शारीरिक यातना होतील अशी वागणूक दिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सन २००० च्या जुन्या कायद्यात याच क्रूरतेसाठी कारावासाची कमाल मर्यादा सहा महिने होती. बालकांची काळजी ज्या संस्थेकडे सोपवली आहे, तेथील कर्मचारी वा व्यवस्थापकाने हा गुन्हा केल्यास कारावास पाच वर्षांपर्यंत व दंड पाच लाखांपर्यंत जातो.

शाळेपुरते पाहिले तर शिक्षण हक्क अधिनियम, २००९ चे कलम १७ शारीरिक शिक्षेसोबतच मानसिक छळालाही मनाई करते. त्याविषयीची तक्रार कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते.

कवच कोठे आहे?

कायद्याने दिलेले सर्वांत स्पष्ट कवच लैंगिक गुन्ह्यांच्या संदर्भात आहे. 'पोक्सो' या नावाने परिचित असलेल्या २०१२ च्या अधिनियमातील कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या किंवा तो घडण्याची भीती वाटणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. याच कलमाचे पोटकलम (७) सांगते, की सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कोणतेही दायित्व येणार नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार शिक्षा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाशी संबंधित प्रकरणात, माहिती असूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि एका डॉक्टरविरुद्धचा रद्द झालेला गुन्हा पुन्हा कायम केला. थोडक्यात, येथे कर्तव्य आणि कवच ही जोडी पूर्ण आहे.

भावनिक छळाबाबत ही जोडी तुटते. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३२ मधील २४ तासांत कळवण्याची सक्ती हरवलेल्या, सोडून दिलेल्या वा निराधार बालकांपुरती आहे. घरात राहून मानसिक यातना सोसणारे बालक तिच्या कक्षेत येत नाही. कलम ३१ नुसार लोकसेवक, समाजसेवक, डॉक्टर वा परिचारिका अशा बालकाला बालकल्याण समितीपुढे आणू शकतात. परंतु ही मुभा आहे, सक्ती नव्हे. कलम १०० मधील सद्भावनेचे संरक्षण शासन आणि शासनाच्या निर्देशानुसार वागणाऱ्यांसाठी आहे. कलम ७५ च्या गुन्ह्याची खबर स्वतःहून देणाऱ्या खासगी डॉक्टरसाठी वा शिक्षकासाठी 'पोक्सो'सारखी स्पष्ट तरतूद नाही.

मग त्याने कशाचा आधार घ्यावा? येथे सामान्य फौजदारी कायदा मदतीला येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीला अपवाद सांगितले आहेत. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा त्यांपैकी एक. मात्र याच संहितेनुसार योग्य दक्षता व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेची ठरत नाही. म्हणजे हेतू चांगला असणे पुरेसे नाही. काळजीही घेतलेली असावी लागते. समितीला दिलेला लेखी अहवाल या अपवादात बसू शकतो. शिक्षककक्षात केलेली कुजबुज बसत नाही.

मानसोपचार क्षेत्रातील व्यक्तींपुढे गोपनीयतेचाही प्रश्न असतो. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ चे कलम २३ गोपनीयता बंधनकारक करते. पण दुसऱ्या व्यक्तीला इजा वा हिंसा होऊ नये म्हणून आवश्यक तेवढी माहिती देण्यास मुभा देते. उपचार घेणाऱ्या पालकाच्या बोलण्यातून मुलावरील धोका उघड झाला, तर हा अपवाद मोलाचा ठरतो.

उरलेली पोकळी

अमेरिकेने १९७४ च्या संघीय कायद्यात बालछळाच्या व्याख्येत मानसिक इजेचाही समावेश केला आणि निधी हवा असलेल्या राज्यांना खबर देणाऱ्यांसाठी कायदेशीर संरक्षणाची अट घातली. ब्रिटनच्या १९९८ च्या जनहित प्रकटीकरण कायद्याने गैरप्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला बडतर्फीपासून व अन्य त्रासापासून संरक्षण दिले. हा दुसरा मुद्दा भारतासाठी विशेष विचार करण्याजोगा आहे. खटल्यापासून मिळणारे संरक्षण नोकरी वाचवतेच असे नाही. संस्थेच्याच पदाधिकाऱ्याविरुद्ध कळवणाऱ्या कंत्राटी शिक्षिकेला न्यायालयाची नव्हे, पुढच्या महिन्यात कंत्राटाचे नूतनीकरण न होण्याची भीती अधिक असते.

म्हणून तीन सुधारणा विचारार्ह ठरतात. कलम ७५ च्या गुन्ह्याची सद्भावनेने खबर देणाऱ्यास स्पष्ट संरक्षण, त्याची ओळख गुप्त ठेवण्याची हमी आणि त्यामुळे नोकरीत होणाऱ्या सूडाच्या कारवाईस मनाई. खोट्या तक्रारींचा धोका खराच. पण 'पोक्सो'च्या कलम २२ ने केवळ बदनामी वा खंडणीच्या हेतूने केलेल्या खोट्या तक्रारीला शिक्षा सांगून समतोल कसा साधावा, हे दाखवले आहे.

तोपर्यंत व्यावसायिकाची दक्षता हेच त्याचे कवच. पाहिलेले दिनांकासह लिहून ठेवावे, बालकाचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत, तर्क वेगळा ठेवावा, स्वतः तपास करू नये आणि माहिती योग्य यंत्रणेलाच द्यावी. बालकल्याण समिती, पोलीस किंवा १०९८ ही बालसाहाय्य सेवा हे त्याचे मार्ग आहेत.

त्या चौथीतल्या मुलाला कायद्याची कलमे ठाऊक नाहीत. आपल्या बाईंनी विचारले होते, एवढेच त्याला ठाऊक आहे. त्या विचारण्याच्या पुढचे पाऊल बाईंना निर्भयपणे टाकता यावे, ही जबाबदारी कायद्याची आहे.