नाणेघाटांतील रांग

"शिबिरास मुलें कोणाच्या भरंवशावर पाठवावीं?" असें आपण विचारतां. जुन्नरच्या शिबिरांत आम्ही नाणेघाट उतरलों. सातवाहनांच्या काळापासून कोंकणाशीं जोडणारी ही व्यापारवाट. राणी नागनिकेचा लेख तेथील लेण्यांतच आहे. सर्वांत सावकाश चालणाऱ्या मुलास मीं रांगेच्या अग्रभागीं ठेविलें. चपळ मुलें कुरकुरलीं. खरें सांगावयाचें तर भरंवसा मलाही नव्हता. त्याचें मनगट मीं घट्ट धरलें होतें. "फादर, हात सोडा, माझा तोल जातो," तो नम्रपणें म्हणाला. सोडला. मग प्रत्येक सुटा दगड तो ओरडून सांगे, आणि ती हांक रांगेंतून शेवटपर्यंत जाई. घसरलों तो मीच. कुरकुरणाऱ्यांपैकींच एकानें मागून झगा धरला म्हणून सांवरलों.