उमेदवारीचे दिवस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चार शब्द बोलावे असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला, पण विषय मी मागून घेतला. वाणिज्य शाखेतील मुलामुलींची इंटर्नशिप ही घरोघरची काळजी होऊन बसली आहे. आपल्या आजोबांच्या वेळी हिला उमेदवारी म्हणत, आणि पेढीवर उमेदवारी केल्यावाचून कोणी मुनीम होत नसे. सनदी लेखापालांना ती आजही चुकलेली नाही. फक्त २०२३ पासून तीन वर्षांची दोन झाली आहेत.

मी हिशेबखात्यात काम करते. दर उन्हाळ्यात आमच्याकडे विद्यार्थी येतात. कचेरी केवढी मोठी, याला मी फारशी किंमत देत नाही. मुलाच्या हाती खरे काम पडते का, आणि ते तपासून दाखविणारे कोणी आहे का, एवढेच मी पाहते.

एका मुलीला मी जीएसटीच्या बिलांचा मेळ घालायला बसविले. खरेदीचे बिल पन्नास हजारांचे, त्यावर अठरा टक्के, म्हणजे नऊ हजार कर. हा कर आपल्याला वजा मिळतो, एवढे तिला पुस्तकातून ठाऊक होते. पण सरकारी पत्रकात ते बिल दिसेचना! मी मुद्दामच उत्तर सांगितले नाही. दुपारभर शोधून अखेर तिने व्यापाऱ्याला फोन केला, तेव्हा कळले की त्या गृहस्थांनी आपले विवरणपत्रच भरले नव्हते. बिल पत्रकात आल्याखेरीज वजावट नाही, असा २०२२ पासून नियमच आहे. त्यांच्याशी गोडीने पण नेटाने कसे बोलावे, हे तिला कोणत्या पाठ्यपुस्तकाने शिकविले असते?

उलट, दोन महिने नुसत्या झेरॉक्स काढलेली मुलेही मी पाहिली आहेत. दाखल्यावर मोठ्या कंपनीचे नाव असते, पण मुलाखतीत "तुम्ही काय केलेत?" असे विचारले की बोलती बंद! ओळखीने कोरा दाखला आणून देणारे काकामामा तर विचारूच नका.

विद्यावेतनाचे आधीच लिहून घ्यावे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंद असेल तर ते द्यावेच लागते. साध्या इंटर्नशिपला तसे बंधन नाही. आणि जो उलट आपल्याकडेच पैसे मागतो, त्याच्या दारात पाऊल टाकू नये.

मुलींच्या आयांना आणखी एक सांगते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थी मुलीलाही लागू आहे, मग तिला पैसे मिळोत वा न मिळोत. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कचेरीत तक्रार समिती हवीच. त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. पहिल्याच दिवशी हे विचारण्यात संकोच कसला?

संध्याकाळी मुले घरी आली की "दमलास का?" याबरोबरच "आज काय चुकले, आणि कोणी दाखविले?" असेही विचारा. आठ दिवस "काहीच नाही" हेच उत्तर आले, तर साहेबांना चिठ्ठी लिहून काम मागायला सांगा. अशा दोन चिठ्ठ्या माझ्या टेबलावर आल्या आहेत. दोघांनाही मी त्याच दिवशी बँकेच्या खात्याचा ताळमेळ घालायला बसविले.