रांग आणि ओझे



अनेक संगणकांत एकवाक्यता राखणारी ‘झूकीपर’ ही प्रणाली आपली सारी माहिती स्मृतीत बाळगते. मागण्या झपाट्याने आल्या, की त्यांची रांगही त्याच स्मृतीत वाढते. म्हणून मुळातच मर्यादा घातली आहे ती १००० ची. तीन सर्व्हर असतील तर प्रत्येकी ५००. पुढच्यांनी थांबायचे! हे निष्ठुर वाटेल. पण स्मृती संपून एक सर्व्हर कोसळला, की त्याचे ग्राहक उरलेल्यांवर लोटतात.

तरी नुसती डोकी मोजून भागत नाही. एकेक मागणी सुमारे १ मेगाबाइटची असू शकते. तशा ५०० म्हणजे अर्धा गिगाबाइट. म्हणून आम्ही म्हणतो, रांग मोजा, ओझेही तोला. वेळेवर ‘थांबा’ म्हणणे हीही सेवाच आहे.