रिकामा डबा परत देताना



दिवाळीच्या दोन दिवस आधी एका सोसायटीच्या गेटवर स्टीलचा डबा येतो. वॉचमन इंटरकॉमवरून कळवतो, "तुमच्या सासूबाई ठेवून गेल्या, वर नाही आल्या." डब्यात बेसनाचे लाडू आणि झाकणाच्या आत चिकटवलेली चिठ्ठी, 'फक्त नातवासाठी'. आठ महिन्यांपासून या घराचं त्या घराशी येणं-जाणं, बोलणं बंद आहे. लाडू खायचे की नाहीत, हे एकवेळ ठरवता येतं. पेच डब्याचा आहे. आपल्याकडे आलेला डबा कोणी रिकामा परत करत नाही, निदान मूठभर साखर तरी घालतात. साखर घातली की 'राग गेला' असा निरोप पोचतो. रिकामा धाडला की 'एवढा माज' असा. मग तो डबा घासून-पुसून ओट्याच्या कोपऱ्यात महिनाभर बसून राहतो आणि येता-जाता नवरा-बायको त्याच्याकडे बघत राहतात.

समुपदेशन केंद्रात असे डबे वेगवेगळ्या रूपांत रोज येतात. मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका येते. फॅमिली ग्रुपवर मुद्दाम टाकलेला जुना फोटो येतो. 'बाबांचं बीपी वाढलंय, तुमच्यामुळेच' असा रात्री अकराचा मेसेज येतो. संबंध तोडायचा निर्णय एका दिवसात, बहुधा एका भांडणात होतो. तो निभावणं मात्र वर्षानुवर्षं चालतं. आपल्या व्यवसायाने या दुसऱ्या भागाकडे फारसं लक्ष दिलेलं नाही, आणि कुटुंब समुपदेशकांच्या या अधिवेशनात त्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. समोर बसलेल्या सुनेला किंवा जावयाला पहिलाच प्रश्न जातो, "मग कधी मिटवताय?" जिने दहा वर्षं पगाराचा हिशेब सासऱ्यांना दिला, माहेरी जायला परवानगी मागितली, मूल कधी व्हावं यावरही दुसऱ्यांचं मत ऐकलं, तिला हा प्रश्न म्हणजे त्याच घराचा आणखी एक प्रतिनिधी भेटल्यासारखा वाटतो.

हा झगडा जुना आहे. मुंबई उच्च न्यायालयात १८८४ साली दादाजी भिकाजी यांनी रखमाबाईंवर दावा लावला, तो पत्नीने नांदायला यावं म्हणून. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं आणि त्या माहेरीच वाढल्या होत्या. पुस्तकांत हा खटला बालविवाहाच्या प्रकरणात येतो, तसा तो यावाच; पण त्यात सासरच्या घराचाही प्रश्न होता. दादाजी राहत होते मामांकडे, नारायण धुर्माजी यांच्या घरी, आणि त्या घरातल्या वातावरणावर रखमाबाईंचा आक्षेप होता. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपील झालं, प्रकरण पुन्हा उभं राहिलं आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, सुरतेत त्यांनी वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. आणि १९०४ साली दादाजी वारल्यावर त्यांनी विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं त्यांच्या चरित्रात येतं. त्यांनी तसं का केलं यावर निवाडा करायचं काम आपलं नाही. तोडलेलं नातं तोडणाऱ्याच्या आयुष्यात कुठे आणि किती उरतं, हे मात्र या एका पांढऱ्या लुगड्यावरून दिसतं.

आज तुरुंगाचा धाक नाही, पण कायदा या नात्यात पुरेपूर आहे आणि समुपदेशकाला तो पाठ हवा. ६ ऑक्टोबर २०१६ या एकाच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. हिरल हरसोरा प्रकरणात कौटुंबिक हिंसाचार कायद्यातले 'प्रौढ पुरुष' हे शब्द काढून टाकले गेले आणि सासू, नणंद यांच्याविरुद्धही थेट दाद मागायची वाट निर्विवाद मोकळी झाली. त्याच दिवशी नरेंद्र विरुद्ध के. मीना या प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की, सबळ कारण नसताना नवऱ्याने आईवडिलांपासून वेगळं व्हावं म्हणून बायकोने धरलेला हट्ट हा नवऱ्यावरचा क्रूरपणा ठरू शकतो. दुसऱ्या निकालातल्या विचारावर मतभेद असायला पूर्ण जागा आहे. म्हाताऱ्या आईवडिलांची जबाबदारी खरी आहे, पण एकत्र राहण्याची किंमत घरात कोण मोजतं, हा प्रश्न त्यात मागे पडतो. तरीही ज्या जोडप्याने सासरशी संबंध तोडलेत त्याला 'सबळ कारण' या दोन शब्दांचं वजन समजावून सांगायलाच हवं. काय घडलं, कधी घडलं, कोणासमोर घडलं, हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवा, मेसेज पुसू नका, असं पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

२००५ च्या या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीइतकाच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही हिंसा धरला आहे. कलम १८ खाली न्यायदंडाधिकारी फोन, पत्र किंवा प्रत्यक्ष भेट अशा कोणत्याही मार्गाने संपर्क साधायला मनाई करू शकतात, आणि तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पूर्वी कधी एकाच घरात राहिलेल्या, आता बाहेर पडलेल्या बाईलाही हा अर्ज करता येतो. राहतं घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर? २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालाने सासरच्या मंडळींच्या मालकीचं घरही सुनेचं 'सामायिक घर' असू शकतं हे मान्य केलं. जावयाला मात्र या कायद्याचा आधार नाही. बायकोच्या माहेरून दिवसातून सहा फोन येतात, कर्जाचे हप्ते कुठले भरायचे हे सासरे ठरवतात, अशा घरांत पुरुष येऊन मान खाली घालून बसतात. त्यांनाही ऐकून घेणारं कोणी हवं.

कायद्यापेक्षा अवघड असतं ते घरातलं. निरोप कोणी द्यायचा? आपल्याकडे सून फोन उचलत नाही म्हणून तिच्या नावाने खडे फोडले जातात आणि मुलगा दोन्हीकडे 'बघतो' म्हणत राहतो. ज्याचे आईवडील त्यानेच बोलावं, ही अट समुपदेशकाने सोडू नये. "आम्ही दोघांनी ठरवलंय" हे वाक्य मुलाच्या तोंडून आईला ऐकू गेलं पाहिजे. तोवर तो अबोला एकट्या सुनेच्या खात्यावर जमा होत राहतो. पैशाचंही तसंच. डाउन पेमेंट वडिलांचं, लॉकर सासूबाईंच्या सोबत जॉइंट, आणि बोलणं बंद, असा संसार फार दिवस टिकत नाही. आधी हिशेब मिटवावा लागतो, अंतर त्यानंतर.

नातवंडांच्या बाबतीत तर फारच जपून बोलावं लागतं. भारतात न्यायालयं १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मुलाचं हित पाहतात, आजी-आजोबांचा मान नव्हे. अमेरिकेत पन्नासही राज्यांत आजी-आजोबांच्या भेटीबाबत कायदे आहेत. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांना २००० सालचा ट्रॉक्सेल विरुद्ध ग्रॅनव्हिल हा निकाल माहीत असलेला बरा. मुलगा वारल्यानंतर नातींच्या आईने त्यांच्या भेटी महिन्यातून एकदा अशा मर्यादित केल्या, आजी-आजोबा न्यायालयात गेले, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आईच्या निर्णयाला वजन दिलं. आपल्याकडे इतकं लांब जावं लागत नाही. शाळेच्या गेटवर आजी उभी असते आणि मूल आनंदाने धावत जातं. मुलाला कोण नेऊ शकेल, हे शाळेला लेखी कळवून ठेवणं हा उपाय साधा आहे. "आजी वाईट आहे" असं मुलाला न सांगता ते निभावणं हे खरं कठीण काम, आणि त्यासाठी आईबापांना कोणीतरी शब्द द्यावे लागतात. "आजीचं आणि आमचं पटत नाही, तुझं काही चुकलेलं नाही" इतकं बोलायला शिकवलं तरी पुष्कळ झालं.

काही घरांत पुढे दार किलकिलं होतं. एखादं आजारपण येतं, सुतक येतं, आणि चारचौघांत एकाच मांडवात बसावं लागतं. तिथे किती वेळ बसायचं, कोणाच्या गाडीतून परतायचं, हे आधी ठरवून गेलेली जोडपी निभावून नेतात. न ठरवता गेलेली परतीच्या वाटेवर भांडतात.

म्हणून या अधिवेशनाकडे एक मागणी आहे. केंद्रांच्या नोंदवहीत 'समेट झाला' आणि 'समेट झाला नाही' असे दोनच रकाने असतील, तर तिसरा आखावा, 'अंतर ठेवून सुरळीत'. सहा महिन्यांनी त्या घराला फोन करावा. झोप लागते का, मूल शाळेत रमतंय का, निरोप आता कोण देतं, हे विचारावं. तो आकडा वर्षाच्या अहवालात समेटाच्या आकड्याइतकाच ठळक छापावा.

तो डबा शेवटी मुलानेच नेऊन दिला, रविवारी सकाळी, आईच्या इमारतीखाली. वर गेला नाही. घासलेला होता, आत काही नव्हतं, आणि झाकणावर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'लाडू मिळाले. पुढच्या वेळी आधी मला फोन कर.'