यंत्राला हिशेब सांगताना



मी पेशाने शिक्षक. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या निकालाचे काम मी हौसेने संगणकावर घेतले. आठ दिवसांचे काम तासाभरात उरकले, म्हणून मीही खुशीत होतो. पण यादी लागली आणि एका मुलीच्या नावापुढे 'नापास' असा शेरा दिसला. तिला गुण होते बरोबर ३५, आणि पास व्हायलाही ३५च लागत होते! पोर रडत घरी गेली. यंत्र बिघडले म्हणावे, तर ते धडधाकट होते. चूक माझी होती, आणि तीही एका चिन्हाची. ते चिन्ह कोणते, हे शेवटी सांगतो. तोवर अशा चिन्हांची जरा ओळख करून घेऊ.

संगणकाला काम सांगण्याच्या भाषा पुष्कळ आहेत. त्यांतली नवशिक्याला सोपी म्हणून आज पायथन ही भाषा अनेक ठिकाणी शिकवतात. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती घडवली आणि १९९१ साली लोकांपुढे ठेवली. या भाषेत दोन आकड्यांचे काय करायचे हे सांगणाऱ्या चिन्हाला ऑपरेटर म्हणतात. आपण क्रियाचिन्ह म्हणू. कल्पना आपल्याला परकी नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत बेरजेपासून घनमुळापर्यंत आठ परिकर्मे सांगितली आहेत. तीच ही गोष्ट, फक्त सांगायची आहे यंत्राला.

बेरीज आणि वजाबाकी यांची चिन्हे आपलीच, + आणि -. गुणाकाराला मात्र फुली चालत नाही, कारण यंत्र तिला इंग्रजी अक्षर समजेल. तिथे चांदणी काढतात : ६ * ७ म्हणजे ४२. दोन चांदण्या काढल्या की घात होतो : ५ ** २ म्हणजे ५ चा वर्ग, २५.

भागाकाराची तऱ्हा निराळी. समजा, तुमच्याकडे १०० आंबे आहेत आणि पेटीत डझनभर बसतात. १०० / १२ असे एका तिरक्या रेघेने विचारले, तर यंत्र ८.३३ असे अपूर्णांकात उत्तर देईल. पण पेटीचा तिसरा हिस्सा बाजारात कोण घेणार? दोन तिरक्या रेघा द्या, १०० // १२, आणि उत्तर येईल ८. म्हणजे पुऱ्या भरलेल्या पेट्या आठ. उरले किती? त्यासाठी शेकड्याचे चिन्ह : १०० % १२ म्हणजे ४. हे चिन्ह इथे टक्के सांगत नाही, बाकी सांगते, हे ध्यानात ठेवा. एखादी संख्या सम की विषम हेही याच चिन्हाने कळते. २ ने भागून बाकी ० उरली की संख्या सम.

आता क्रम. गुरुजनहो, आपण वर्गात 'कंचेभागुबेव' घोकून घेतो, त्याची आठवण इथे पदोपदी होते. एका मुलाला दोन विषयांत २० आणि ३० गुण आहेत. सरासरीसाठी आपण लिहिले २० + ३० / २. यंत्र आधी भागाकार करणार, ३० चे १५, त्यात २० मिळवून ३५. मुलगा काठावर पास! खरी सरासरी २५. कंस घालून (२० + ३०) / २ असे लिहायला हवे होते. आणखी एक सांगतो. गुणाकार व भागाकार इथे एकाच पायरीवर बसतात, तसेच बेरीज आणि वजाबाकीही, आणि एका पायरीवरच्या क्रिया डावीकडून उजवीकडे होतात. १० - ४ + ३ चे उत्तर ९. 'बे' आधी म्हणून कोणी ४ आणि ३ ची बेरीज आधी केली, तर त्याला ३ मिळतील आणि तो चुकेल.

बेरजेच्या चिन्हाची एक खोडही ऐकून ठेवा. सकाळी दूध १२ लिटर आणि संध्याकाळी ८ लिटर. हे आकडे आपण यंत्राला टाईप करून दिले, की ते त्यांना अक्षरे समजते, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे त्याच्या लेखी जोडणी. १२ ला ८ चिकटवून ते सांगते १२८! एवढे दूध गोठ्यात नाही, हे तुम्हाआम्हाला कळते, यंत्राला कळत नाही. म्हणून आधी 'इंट' या आज्ञेने अक्षरांचा पूर्णांक करून घ्यावा लागतो. मग उत्तर येते २०.

बरोबरीच्या चिन्हाचेही दोन अर्थ. एक बरोबर म्हणजे 'ठेव'. दूध = १२ म्हणजे दूध नावाच्या भांड्यात १२ ठेव. म्हणून दूध = दूध + ८ असेही लिहिता येते. बीजगणिताचे गुरुजी यावर रागावतील, पण अर्थ इतकाच की, होते त्यात ८ घालून पुन्हा तिथेच ठेव. दोन बरोबर म्हणजे विचारणे. दूध == २० म्हणजे 'दूध वीस आहे का?' उत्तर येते, ट्रू किंवा फॉल्स, खरे किंवा खोटे. जाता जाता सांगतो, भांड्यांची ही नावे पायथनमध्ये मराठीतही ठेवता येतात. आज्ञेतले अंक मात्र इंग्रजीच लिहायचे.

आता त्या मुलीकडे येऊ. पास कोण, हे ठरवायला मी लिहिले होते, गुण > ३५. म्हणजे ३५ हून जास्त. यंत्राने माझा शब्द तंतोतंत पाळला. ३५ हे ३५ हून जास्त नाहीत, मुलगी नापास. लिहायला हवे होते गुण >= ३५, म्हणजे ३५ किंवा त्याहून जास्त. एक रेघ राहिली, आणि एका घरात त्या रात्री चूल थंड राहिली. दुसऱ्या दिवशी दुरुस्त निकालपत्रक घेऊन मी स्वतः तिच्या घरी गेलो आणि माफी मागितली.

तेव्हापासून मी एक शिस्त पाळतो. यंत्राकडून हिशेब करून घेण्याआधी, उत्तर ठाऊक असलेली दोनचार उदाहरणे त्याला घालून पाहतो. आणि ती नेमकी सीमेवरची घेतो : ३४, ३५ आणि ३६. शिक्षकांनी मुलांना हे पाटीवर आधी सोडवायला सांगावे, मग यंत्रावर ताडून पाहावे. शेतकरी बंधूंनीही दुधाच्या किंवा उसाच्या पावतीवरचा छापील आकडा पाहून गप्प बसू नये. मनाशी ढोबळ गुणाकार करावा, आणि मेळ बसला नाही तर खुशाल विचारावे. यंत्र खोटे बोलत नाही हे खरे, पण त्याला सांगणारा माणूस चुकू शकतो, माझ्यासारखा.

नमस्कार.