‘दुखतंय’ म्हणायला शिकू या
(मुलींच्या कबड्डी शिबिरात केलेले भाषण)



शाळेत मी कबड्डी खेळायची. एकदा पकड करताना घोटा मुरगळला. घरी कळलं तर खेळ बंद होणार, म्हणून गप्प राहिले. मैत्रिणीने त्याच रात्री गरम तेलाने खसाखसा चोळून दिलं. सकाळी पाय भोपळ्यासारखा सुजला.

आज मी खेळाडू मुलींना मालीश करते आणि पहिला धडा हाच देते: ताजी दुखापत चोळायची नाही. अस्थिबंध ताणलेला असतो, बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. चोळण्या-शेकण्याने सूज वाढते.

पहिले 2-3 दिवस पायावर भार नको. फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15 मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. 4 पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढाच. सूज उतरल्यावर हलकी मालीश, बोटांकडून गुडघ्याकडे. मालिशीने आराम पडतो, पण घोट्याला बळ व्यायामानेच येतं.

आणखी एक. हात कुठे लावणार, हे मालीश करणाऱ्याने आधी सांगायला हवं. तुम्ही ‘थांबा’ म्हटलंत की थांबायला हवं, मग तो प्रशिक्षक का असेना. सोबत मैत्रीण असू द्या.

मला त्या रात्री ‘दुखतंय’ म्हणता आलं नाही. तुम्ही म्हणा. आणि इथे आलेल्या आयांनो, लेकीचा खेळ बंद करू नका. तिच्याबरोबर दवाखान्यात जा.