परसातले पंचांग
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत ज्येष्ठ महिन्यात दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आमच्याआधी जे वक्ते बोलून गेले ते विद्वान होते. आम्हांला मंडळाने विषय दिला तो 'जबलपुरातील मराठी माणसाचे घरगुती जीवन' असा. एवढा मोठा प्रपंच तासाभरात आवरणारा नव्हे. म्हणून घराचा पुढचा भाग, म्हणजे दिवाणखाना, देवघर आणि स्वयंपाकघर, आम्ही दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवतो आणि आपणांस थेट मागच्या दारी नेतो. धुण्याचा दगड, राखेचा ढीग, अळूचे आळे आणि वालाचा मांडव असलेले ते परसदार. आमच्या दृष्टीने जबलपूर आणि आमचे कुटुंब यांची खरी ओळख तेथेच झाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना मध्यप्रांत विभागला गेला. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. आमचे वडील न्यायालयाच्या कचेरीत कारकून होते. दप्तराच्या गठ्ठ्यांमागोमाग आमचेही बिऱ्हाड आले. मदनमहालच्या पायथ्याशी भाड्याचे घर मिळाले. त्याच्या मागे मोकळी जागा पुष्कळ, पण ग्रॅनाइटच्या खडकांवर मातीचा थर जेमतेम वीतभर. वडिलांनी पहिल्या उन्हाळ्यात आटलेल्या तलावाचा गाळ बैलगाडीने आणवून त्या जागेवर पसरला. गोंड राजांनी या गावाभोवती बांधलेल्या बावन्न तलावांची ख्याती आपण सारेच ऐकतो. त्यांपैकी चेरीताल, राणीताल ही नावे आता वस्त्यांना उरली आहेत. आमच्या परसाची माती मात्र त्या तलावांची होती.

वडिलांनी नागपूरहून दोन गोष्टी आणल्या. एक, वालाचे मूठभर बी. दुसरी, ओल्या किंतानात गुंडाळलेले गोडलिंबाचे रोप. गोंदिया-नैनपूरमार्गे येणाऱ्या छोट्या गाडीत ते रोप रात्रभर आईच्या मांडीवर होते. (ती छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. त्या मार्गावर आता मोठी गाडी धावते. पण तिच्या डब्यात कोणी रोप मांडीवर घेऊन बसत असेल असे वाटत नाही.) येथे आल्यावर कळले की ज्याला आपण विदर्भात गोडलिंब म्हणतो त्याला येथेही 'मीठा नीम' असेच म्हणतात. आईला त्या एका शब्दाने मोठा धीर आला.

वडिलांचा पंचांगावर विश्वास. मृग लागला, त्यांनी वाल टोचला. पाऊस आला नाही. आठ दिवसांत मुंग्यांनी अर्धे बी वाहून नेले. शेजारच्या अम्माजी कुंपणावरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "भैया, यहाँ अद्रा देखो।" नागपूरला मृगात पेरते होणाऱ्या माणसाला आर्द्रेपर्यंत थांबणे म्हणजे हंगाम बुडविणे वाटले. पण अम्माजींचे खरे होते. मोसमी पाऊस येथवर पोहोचेतो बहुधा जूनचा तिसरा आठवडा उजाडतो. उरलेले बी आर्द्रेत लावले, ते उगवले. पुढे भाद्रपदापर्यंत त्या वेलांना नुसता पाला आला, फूल एक नाही, आणि वडील ते उपटायला निघाले. आईने हात धरला म्हणून वाचले. वाल दिवस लहान झाल्यावाचून फुलत नाही, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे कार्तिकापासून माघापर्यंत आम्ही शेंगा खाऊन कंटाळलो.

आता परस का लागले, त्याचे खरे कारण सांगतो. हौस हे ते कारण नव्हते. कारण होते ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काही खायचे नाही, हा आपल्याकडचा नेम. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, पडवळ, लाल भोपळा, मक्याचे कणीस असे जे कुदळीने खणलेल्या जागेत आपल्या हाताने पिकले असेल तेवढेच पानात. पहिल्या वर्षी आई बाजारात गेली आणि रिकाम्या पिशवीने परतली. भाजी भरपूर होती. पण कोणती भाजी कोणाच्या नांगराखालून आली आहे, हे परक्या गावात कोणाला विचारणार? त्या वर्षी तिने दुधावर आणि केळ्यांवर दिवस काढला. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कुदळ विकत आणली. म्हणजे आमच्या परसाचा पाया धर्मशास्त्राने घातला असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढच्या वर्षीची हकीकत आम्हांला अधिक मोलाची वाटते. श्रावण वद्य षष्ठीला अम्माजी सकाळी कुंपणाशी येऊन आमच्या परसातली भाजी मागू लागल्या. त्यांचा त्या दिवशी हरछठचा उपवास होता. त्यांच्या गणनेने तो भादों होता, आमच्या पंचांगात श्रावण संपायचा होता. हरछठ म्हणजे बलरामाचा जन्मदिवस. नांगर हे त्याचे आयुध, म्हणून त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतले काही खायचे नाही, गाईचे दूध घ्यायचे नाही, म्हशीचे चालते. भात खायचा तो पसहीचा. हे तांदूळ कोणी पेरीत नाही. तलावाच्या काठी, दलदलीत आपोआप उगवतात. अम्माजींना आमच्या आईने कुदळीने खणलेली जागा दिसली होती, म्हणून त्या आल्या होत्या. आईने त्यांना अळूची पाने दिली. त्या पानांना त्या घुइयाँची पाने म्हणत. बरोबर पंधरवड्याने ऋषिपंचमीला अम्माजींनी एक वाटी पसहीचे तांदूळ पाठविले. आईने ते दूध घालून शिजविले. त्या भाताला किंचित तांबूस रंग होता आणि चिखलाचा सूक्ष्म वास. आम्हां भावंडांना तो आवडला नाही, हे कबूल करतो. आई मात्र शेवटच्या ऋषिपंचमीपर्यंत तो भात खात आली, आणि हरछठची भाजी आमच्या परसातून अम्माजींच्या घरी जात राहिली. एक सुनेच्या हाताने, पुढे नातसुनेच्या.

दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. 'बैलाचे नको' एवढी एक गोष्ट मात्र दोघींना कोणी न शिकविता कळत होती.

परसाबाहेरचे ऋतूही मग ओळखीचे होऊ लागले. शिंगाडा आम्हांला माहीत होता तो वाण्याकडच्या पुडीतला, उपासाच्या पिठाचा. आश्विनात टोपल्यांतून हिरवे, दोन शिंगांचे, पाण्याने निथळणारे शिंगाडे दारावर आले तेव्हा आई थक्क झाली. चारोळी आम्ही श्रीखंडावर पेरलेली पाहिली होती. तिचे काळसर फळ वैशाखात पानाच्या द्रोणात विकायला येते आणि बी थुंकून वरचा गर खायचा असतो, हे आम्हांला येथे कळले. आणि मटार! पाटण-शहापुऱ्याकडचा मटार पौषात गावात येऊ लागला की तुरीच्या सोल्यांची आठवण काढीत वांग्यात मटार घालायचा, आणि 'सोल्यांची सर नाही' असे म्हणत दुसऱ्यांदा वाढून घ्यायचे, हा आमच्या घरचा रिवाज.

नरसिंहपूरच्या बाजूला आगगाडीने जाणाऱ्यास पूर्वी पावसाळ्यात एक देखावा दिसे. दोन्ही बाजूंना शेतांऐवजी पाणीच पाणी. याला 'हवेली' म्हणत. काळ्या जमिनीला उंच बांध घालून पावसाचे पाणी आषाढापासून शेतातच कोंडायचे. त्याखाली तण कुजून जाते आणि ओल खोल मुरते. दसऱ्याच्या सुमारास वरच्या शेतातले पाणी खालच्यात, खालच्यातले नाल्यात असे क्रमाने सोडायचे आणि त्या ओलीवर गहू, हरभरा, मसूर पेरायचा. वरून एक थेंब पाणी न देता पीक येई. शेजाऱ्याने वेळेवर पाणी सोडले नाही तर आपली पेरणी अडते, त्यामुळे सारे गाव एकमेकांच्या बांधाशी बांधलेले. कूपनलिका आल्या, बरगीचे कालवे आले, सोयाबीन आले, मागून धान वाढले, आणि हवेली पुष्कळशी मोडली. आम्ही तिचा शोक करीत नाही. शेतकऱ्याला दोन पिके हवीत, ती त्याने घ्यावीत. पण चार महिने जमिनीला नुसते भिजू द्यावे, हा विचार आम्ही प्रथम तेथे पाहिला.

१९६५-६६ ची टंचाई आपल्यापैकी काहींना आठवत असेल. लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आणि मोकळ्या जागेत भाजीपाला लावण्याचे आवाहन केले होते. शिधावाटपाच्या रांगेत मिळणाऱ्या धान्याची भाकरी थापताना तुटे. त्या हिवाळ्यात परसातला वाल आणि भोपळा यांनी आमचे ताट भरले. अधारतालला कृषी विश्वविद्यालय १९६४ साली स्थापन झाले होते. तेथून कोणी सोयाबीनचे बी आणून दिले. आईने ते दोन शिट्ट्यांत शिजेल अशा समजुतीने कुकरात टाकले, मग चार, मग सहा, आणि शेवटी गाईपुढे ठेवले.

घरच्या भाजीचे कौतुक करताना एक गोष्ट पुरुषमंडळी विसरतात. आमचे वडील रविवारी कुदळ चालवीत आणि सोमवारी कचेरीत वाल किती फूट चढला ते सांगत. विहिरीतून सकाळ-संध्याकाळ पाणी शेंदणारी आई होती. डोंगरावरून माकडे उतरत, तेव्हा भर दुपारी काठी घेऊन धावणारीही तीच. भाजी स्वस्त पडते असे आम्ही अनेक वर्षे म्हणत आलो. त्या हिशेबात तिचे श्रम कधी धरले नव्हते. बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, हा नेम पाळणाऱ्या घराला हे सुचायला बराच वेळ लागला.

पुढे आम्ही स्वतः कारखान्यात नोकरीस लागलो आणि क्वार्टरात राहावयास गेलो. तेथेही परस होते. वडिलांच्या गोडलिंबाचे पिल्लू तेथे लावले, त्याचे झाड झाले. २००८ साली निवृत्त झालो. क्वार्टर सोडताना झाड नेता येत नाही. महिन्याभराने काही कामासाठी त्या बाजूला गेलो, तर झाड नव्हते, त्या जागी गाडी उभी होती. नव्या बिऱ्हाडास आम्ही दोष देत नाही. त्यांना ते झाड कोणी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते ते आम्ही. वालाचे बी मात्र डब्यात घालून, राख मिसळून, बरोबर आणले होते.

तेव्हापासून आम्ही उभयता अधारतालच्या बाजूस स्वतःच्या छोट्या घरात राहतो. मागे दहा पावले परस आहे. मुलगी बंगळूरला, मुलगा परदेशी. विहीर कधीच आटली, बोअरलाही वैशाखात पाणी राहत नाही. आता गुडघे वाकत नाहीत. म्हणून हे घर पाडून तेथे सदनिका उभ्या करण्याच्या प्रस्तावाला आम्ही फाल्गुनात संमती दिली. दिवाळीनंतर काम सुरू होईल. आम्हांला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या मिळतील. गच्चीचा हक्क कोणाचा, यावर अजून वाद चालू आहे. मुलाने फोनवर विचारले, "बाबा, तुम्हांला वाईट वाटतंय का?" आम्ही नाही म्हणालो. सौ. आत वाल निवडीत होती, तिने काहीच उत्तर दिले नाही.

तिने निवडलेला तो वाल आज येथे आणला आहे. गेल्या माघातल्या शेंगांचा आहे. यंदा आमच्या मांडवावर तो चढणार नाही, कारण फुलायच्या सुमारास मांडवच राहणार नाही. बाहेर चहाच्या टेबलाशेजारी कागदाच्या पुड्या ठेवल्या आहेत, एकेका पुडीत दहा-बारा दाणे. अळूचे कंदही आहेत, ते ज्यांच्याकडे सांडपाण्याची जागा असेल त्यांनीच न्यावेत. वाल रात्रभर भिजत घालावा, एका आळ्यात तीन दाणे, दोन पेरे खोल. मोठी कुंडी असेल तर गच्चीतही होतो, मात्र चढायला दोरी द्यावी. मृगात घाई करू नये, आर्द्रेत लावावा. आणि भाद्रपदात नुसता पाला दिसला म्हणून उपटू नये.